टीपकागदावरचं चित्र आणि त्यामागची वीस वर्षं

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल, ट्रेनमध्ये नेटवर्क नसेल, तर इथे वाचा.)

आजचा भाग एका इमारतीवर आहे. ही इमारत आज कुठेच नाही. तिचा फोटो मात्र तुम्ही शाळेच्या इतिहासाच्या किंवा आर्किटेक्चरच्या पुस्तकात कुठेतरी पाहिला असेल. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली उभी राहिलेली, लोखंड, लाकूड आणि काच यांची एक अवाढव्य इमारत. नाव क्रिस्टल पॅलेस.

आधी आकार सांगते, म्हणजे अंदाज येईल. लांबी १,८४८ फूट. आता क्रिकेटची खेळपट्टी असते २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. अशा बरोब्बर २८ खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा. तेवढी लांब इमारत. मधलं कमानीचं दालन १०८ फूट उंच, म्हणजे आपल्याकडची दहा मजली सोसायटी आरामात आत मावेल. आणि हे सगळं जागा ताब्यात आल्यापासून नऊ महिन्यांत तयार. जागा मिळाली ३० जुलै १८५० ला, पहिला खांब उभा राहिला २६ सप्टेंबरला, आणि उद्घाटन झालं १ मे १८५१ ला. (तेव्हा १ मे ना महाराष्ट्र दिन होता, ना कामगार दिन!)

आता या इमारतीची एक फेमस गोष्ट आहे, आणि आज मला त्या गोष्टीबद्दलच बोलायचंय.

गोष्ट अशी. १८५१ साली लंडनमध्ये जगभरातल्या वस्तूंचं एक भव्य प्रदर्शन भरवायचं ठरलं. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि हेन्री कोल नावाचे एक खटपटे अधिकारी यांचा त्यात पुढाकार. इमारतीसाठी खुली स्पर्धा ठेवली. २४५ डिझाइन्स आली. कमिटीने सगळीच्या सगळी नाकारली आणि स्वतःच एक डिझाइन केलं. विटांची प्रचंड इमारत, वर २०० फूट व्यासाचा लोखंडी घुमट. घुमट कुणाचा? इझम्बार्ड ब्रुनेल यांचा, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या इंजिनिअरांपैकी एकाचा. विटा लागणार होत्या दीड कोटी! लोक भडकले. बागेत एवढा विटांचा डोंगर रचल्यावर तो परत कोण काढणार? पेपरात टीका, संसदेत आरडाओरडा. शिवाय उद्घाटनाला वर्षही उरलेलं नाही. एवढ्या वेळात त्या विटा रचून तरी कशा व्हायच्या?

आणि इथे एन्ट्री होते जोसेफ पॅक्स्टन यांची. पेशाने माळी. ११ जून १८५० ला डर्बी शहरात रेल्वेच्या एका बैठकीत ते बसले होते. बैठक चालू असताना त्यांनी समोरच्या टीपकागदावर पेनाने एक चित्र काढलं. जुन्या शाईच्या पेनाची शाई टिपायचा तो गुलाबी कागद असतो ना, तो. दहाएक दिवसांत पूर्ण आराखडा तयार, ६ जुलैला चित्र साप्ताहिकात छापून आलं, आणि त्याच महिन्यात डिझाइन मंजूर. तो टीपकागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे जपून ठेवलेला आहे.

भारी गोष्ट आहे ना? एक माळी, एक टीपकागद, दहा दिवस.

मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत मागितलं होतं, आणि स्लाइडवर हा टीपकागद होता. मतलब काय, तर बघा, खरी इच्छा असली की दहा दिवस पुरतात. तेव्हा मी गप्प बसले, पण घरी येऊन वाचायला लागले. वाचत गेले तसं लक्षात आलं की गोष्ट खरी आहे, फक्त तिचा पहिला अर्धा भाग कुणी सांगत नाही. तो आज सांगते.

पॅक्स्टन यांचा जन्म १८०३ चा, गरीब शेतकरी घरातला. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या बागेचे मुख्य माळी झाले. इंग्लंडमध्ये थंडी, ऊन कमी, आणि ड्यूकसाहेबांना हौस उष्ण देशांतल्या झाडांची. मग काचघरं बांधणं आलं. तेव्हापासून पॅक्स्टन यांनी एकामागून एक काचघरं बांधली, आणि प्रत्येकात काहीतरी सुधारत गेले.

एक उदाहरण घ्या, छताचं. सपाट काचेच्या छतावर दुपारचं ऊन डोक्यावर भाजून काढतं, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन काचेवरून घसरून जातं. पॅक्स्टन यांनी काय केलं, तर छताला घड्या पाडल्या. कागदी पंखा कसा करतो आपण? वर-खाली, वर-खाली. तसं छत. आता सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन काचेवर नीट पडतं, दुपारचं तिरपं पडतं. पावसाचं पाणी घड्यांच्या खोलगट भागात जमतं, तिथे पन्हळ ठेवायची. ही कल्पना मुळात त्यांची नव्हती, पण वर्षानुवर्षं घासूनपुसून ती चालती केली त्यांनी.

दुसरं उदाहरण काचेचं. १८३६ ते १८४० या काळात त्यांनी चॅट्सवर्थला 'ग्रेट स्टोव्ह' नावाचं मोठं काचघर बांधलं. लांबी २७७ फूट. त्यासाठी त्यांना चार फूट लांबीची काच हवी होती. चान्स ब्रदर्स हे काचवाले तेव्हा तीन फुटांपर्यंतच काच बनवायचे. पॅक्स्टन अडून बसले, आणि अखेर चान्स ब्रदर्सनी चार फुटी काच करून दिली. त्याच कामासाठी काचेच्या लाकडी पट्ट्या कापायचं वाफेवर चालणारं मशीनही पॅक्स्टन यांनी तयार केलं, आणि त्याबद्दल त्यांना पदकही मिळालं.

तिसरं उदाहरण माझं लाडकं. दक्षिण अमेरिकेतलं एक महाकाय कमळ आहे, व्हिक्टोरिया. त्याचं पान इतकं मोठं आणि मजबूत की पॅक्स्टन यांनी आपल्या छोट्या मुलीला, ॲनीला, त्या पानावर उभं केलं आणि पान बुडालं नाही! पान उलटं केलं की खाली जाडजूड शिरांची जाळी दिसते, सगळा भार तीच पेलते. या कमळाचं फूल १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये फुलवलं. मग त्या कमळासाठी वेगळं काचघर हवं म्हणून एक बांधलं. छोटंच. पण त्यात घड्यांचं छत सपाट पातळीवर बसवलं, खाली बिडाचे पोकळ खांब दिले, आणि पावसाचं पाणी त्या खांबांच्या आतूनच खाली सोडलं. खांब हाच पाइप.

आता तारखा जुळवा. हे कमळघर १८५० मध्ये पूर्ण होतंय, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टीपकागद. म्हणजे पॅक्स्टन यांनी त्या दिवशी कागदावर काढलं ते त्यांच्या बागेत उभं होतं, पाऊस-ऊन झेलत होतं. मुख्य माळी झाल्यापासून मोजलं तर चोवीस वर्षांचं काम त्या चित्रामागे होतं. तो स्केच म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट झालेल्या कोडला मारलेला एक फंक्शन कॉल होता.

आणि हा एकट्याचा खेळही नव्हता बरं का. खांबांची आणि तुळयांची गणितं करायला रेल्वेचे इंजिनिअर विल्यम बार्लो मदतीला होते. ठेकेदार होती फॉक्स-हेंडरसन ही कंपनी. त्यातल्या चार्ल्स फॉक्स यांनी तपशिलाची ड्रॉइंग्ज स्वतः काढली. त्यासाठी सात आठवडे रोज अठरा तास बसल्याचं त्यांनीच नंतर सांगितलं. ही गोष्ट स्लाइडवर येत नाही.

बरं, आता इमारतीच्या आत जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे. पहिला प्रश्न: एवढ्या मोठ्या इमारतीचं माप कशावरून ठरलं? उत्तर: काचेच्या एका तुकड्यावरून.

काच ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. छताच्या घडीच्या एका उतारावर अशी एक काच. दोन उतार मिळून एक घडी, ती आठ फुटांची. अशा तीन घड्या म्हणजे चोवीस फूट. म्हणून खांब चोवीस फुटांवर. सगळीकडे चोवीस, किंवा चोवीसच्या पटीत. मधलं दालन ७२ फूट, म्हणजे तीन चोवीस. इमारतीची रुंदी ४०८ फूट, म्हणजे सतरा चोवीस. लांबी १,८४८, म्हणजे सत्त्याहत्तर चोवीस.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसेल की १८५१ सालाची आठवण म्हणून इमारत १,८५१ फूट लांब केली. ऐकायला छान वाटतं, पण करा भागाकार. १,८५१ ला २४ ने भाग जात नाही. तीन फूट जास्तीचे कुठे ठेवणार? एक आकडा पक्का केला की बाकीचे आकडे असे आपोआप ठरतात, आणि कुणी थाप मारली तर पकडलीही जाते.

या एका आकड्याने किती कामं सोपी केली बघा. सुमारे ३,३०० खांब, २,२०० च्या वर तुळया, आणि अंदाजे ३ लाख काचा. पण प्रकार मोजकेच. त्यामुळे ठेकेदाराला किंमत काढायला सोपं गेलं. एकाची किंमत काढा, गुणाकार करा. त्यांनी ७९,८०० पौंडांचा आकडा दिला, आणि अट घातली की प्रदर्शन संपलं की सगळा माल आमचा. थोडक्यात काय, तर इमारत जवळपास भाड्यानेच घेतली. नट-बोल्ट काढा, घेऊन जा, बाग होती तशी परत. बाग खराब होईल म्हणून ओरडणाऱ्यांना हे उत्तर होतं.

खांबांची गंमत तर अफलातून आहे. सगळ्या खांबांचा बाहेरचा व्यास आठ इंच, सारखा. पण ज्याच्यावर भार जास्त त्याच्या आतली जाडी जास्त, ज्याच्यावर कमी त्याची कमी. बाहेरून सगळे एकसारखे, म्हणून जोड कुठेही तोच बसतो. कोडिंग करणाऱ्यांनो, ओळखलंत ना? इंटरफेस एकच, आतलं इम्प्लिमेंटेशन वेगळं. १८५१ मध्ये!

लोखंडाचा एकही तुकडा एक टनाहून जड ठेवला नाही, त्यामुळे उचलायला अवाढव्य यंत्रं लागली नाहीत. बिडाची तुळई साइटवर आली की आधी हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून बघायची आणि मगच वर चढवायची. छताच्या काचा बसवायला चाकांची गाडी केली. पन्हळीच्या काठांवरून ती सरकायची, आत माणसं बसून पुढे काचा लावत जायची, वर आच्छादन असल्याने पावसातही काम चालू. ऐंशी माणसांनी एका आठवड्यात अठरा हजारांच्या वर काचा बसवल्याची नोंद आहे.

लाकडी पन्हळीला खाचा होत्या तीन. वरची पावसाच्या पाण्यासाठी, आणि आतल्या बाजूच्या दोन काचेवर आतून जमणाऱ्या दवासाठी. एवढी माणसं आत श्वास घेणार म्हणजे काचेवर पाणी साचणारच. हा विचार ज्याने काचघरात वीस वर्षं घालवली त्यालाच सुचतो. जमिनीच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या, धूळ खाली पडावी म्हणून. आणि या फळ्या आल्या कुठून? बांधकामाच्या भोवती जे कुंपण घातलं होतं, त्याच फळ्या शेवटी आत जमिनीला वापरल्या.

जागेवर जुनी उंच एल्मची झाडं होती. ती तोडायची नाहीत म्हणून मध्ये ते १०८ फुटी कमानीचं दालन काढलं, आणि झाडं इमारतीच्या आत उभी राहिली.

तरी लोकांना भीती होतीच की हे पत्त्याचं घर पडणार. भीती अगदीच खुळी नव्हती. १८३१ साली इंग्लंडमध्येच ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक पावलं जुळवून चालले म्हणून कोसळला होता. मग इथे गॅलरीचा एक भाग उभारून त्यावर आधी मजूर चालवले, उड्या मारायला लावल्या, आणि नंतर सैनिकांकडून कवायत करून घेतली. लोड टेस्टिंगच की! गॅलरी हलली नाही.

एक गोष्ट मात्र हाताने, खरं तर तोंडाने केलेली होती. काच. ही काच ओतून बनवलेली नव्हती. कारागीर लांब नळीने फुंकून वितळलेल्या काचेचं लांबट नळकांडं करायचा. ते उभं चिरायचं, तापवून सपाट करायचं, मग तुकडे कापायचे. तीन लाख तुकडे माणसांच्या छातीतल्या हवेने तयार झाले. क्रिस्टल पॅलेसला पहिली आधुनिक, कारखान्यात बनलेली इमारत म्हणतात, ते ठीकच आहे. पण त्या कारखान्यात भट्टीसमोर कुणीतरी दिवसभर फुंकत उभं होतं, हे विसरू नये.

इमारत परफेक्ट होती का? नाही. पावसात गळायची. उन्हाळ्यात तापायची, म्हणून छतावर बाहेरून कापड ताणलं. आणि आपल्या कोहिनूरची तर फजितीच झाली. १८४९ मध्ये पंजाब जिंकून इंग्रजांनी नेलेला हिरा तिथे पिंजऱ्यात मांडला होता. पण चारी बाजूंनी एकसारखा पसरलेला उजेड, त्यात हिरा चमकेचना! लोक हिरमुसले. शेवटी त्याच्याभोवती अंधार करून गॅसचे दिवे लावावे लागले. काचेच्या महालात हिऱ्यासाठी अंधार करावा लागला.

तरीही साठ लाखांवर लोक येऊन गेले. मग १८५२ मध्ये ठरल्याप्रमाणे इमारत उतरवली, आणि इथून गोष्ट दुसरीकडे वळते. तोच माल घेऊन लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम टेकडीवर ती पुन्हा उभारायची ठरली. पण तशीच नाही, आणखी मोठी. मजले वाढवले, सगळ्या दालनावर कमान घातली, कारंजी, पाण्याचे मनोरे. काच जवळपास दुप्पट लागली. १८५३ मध्ये मचाण कोसळून बारा कामगार मेले. १८५४ मध्ये उद्घाटन झालं, पण खर्च इतका वाढला की कंपनी कर्जातून कधी नीट वर आलीच नाही.

जी इमारत सहा महिन्यांसाठी बनवली होती, ती आता कायमची झाली. मात्र तिची पन्हळ, काचेच्या पट्ट्या, जमीन हे सगळं लाकडीच होतं. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आग लागली. ऐंशी वर्षं वाळलेलं लाकूड. काही तासांत सगळं संपलं. लोखंड आणि काच जळत नाही म्हणणाऱ्यांना त्या रात्री कळलं की इमारतीत तिसरंही काहीतरी होतं. तात्पुरतं म्हणून केलेलं काम पुढे कायमचं ठेवायचं असेल, तर त्यासाठी वेगळा हिशेब मांडावा लागतो. तो तिथे मांडलाच गेला नाही.

याची एक शाखा आपल्या मुंबईत आहे. काळाघोड्याला गेलात की एस्प्लनेड मॅन्शन बघा, जुनं वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरने ते डिझाइन केलं, आणि हे ऑर्डिश तरुणपणी फॉक्स-हेंडरसनकडे क्रिस्टल पॅलेसच्या ड्रॉइंगवर काम केलेले. बिडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतले, बोटीने मुंबईला आणले, आणि १८६० च्या दशकाच्या शेवटी इथे जोडले. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला तो याच हॉटेलात. आणि २००५ मध्ये देखभालीअभावी याच इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. जोडणं पटकन होतं. सांभाळायला मात्र रोज कुणीतरी लागतं. बेंगळुरूवाल्या मंडळींनी लालबागेतलं काचघर पाहिलं असेल, पुष्पप्रदर्शन भरतं ते. १८८९ चं ते काचघरही याच क्रिस्टल पॅलेसवरून सुचलेलं.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला टीपकागदाची गोष्ट सांगून डेडलाइन अर्धी केली, तर चिडू नका. शांतपणे विचारा: "आपलं कमळघर कुठाय?" म्हणजे, आपण हे छोट्या प्रमाणात आधी कधी केलंय का? आपला ४९ इंचाचा आकडा ठरलाय का? तुळई वर चढवायच्या आधी दाबून बघायला कुणाला वेळ दिलाय का? उत्तरं "हो" असतील तर तीन आठवडे खरंच पुरतील, कदाचित दोनसुद्धा. नसतील, तर वेळ आधी त्यासाठी मागा.

आणि तुम्ही आत्ता जर असं काही छोटंसं, कुणाला न दिसणारं काम करत असाल, एखादी पन्हळ, एखादा जोड नीट बसवत असाल, तर करत राहा. पॅक्स्टनही डर्बीच्या त्या बैठकीला जाईपर्यंत बहुतेक वर्षं तेच करत होते.

आजच्यापुरतं एवढंच. काळाघोड्याला जाऊन फोटो काढलात तर नक्की पाठवा, पण इमारतीच्या फार जवळ उभे राहू नका! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.